सहा फुटी खाऱ्या टाकीची नोंद: काचेआधी माशांची यादी

पहिल्या यादीत १९ जातींचे ३१ मासे होते. खोडून खोडून आता सात जाती आणि १२ मासे उरले आहेत. काच कापायला टाकली ती यादी पक्की झाल्यावरच. ज्यांच्या डोक्यात मोठी खारी टाकी घोळते आहे त्यांच्यासाठी गेल्या पाच महिन्यांचं काम इथे मांडते आहे, आणि यादीवर जास्त बोलणार आहे, कारण मागच्या खेपेला मी नेमकी तीच शेवटी केली होती.

मागची टाकी तीन फुटी होती. सुरुवातीलाच त्यात डोमिनो डॅमसेल सोडला. काळाभोर, अंगावर तीन पांढरे ठिपके, बोटाच्या पेराएवढा. वर्षभरात तो तळहाताएवढा झाला आणि क्लाउन माशांच्या जोडीला एका कोपऱ्यात डांबून ठेवू लागला. दगडांची जागा बदलून पाहिली, मधे जाळी लावून पाहिली. मालवणला स्नॉर्केलिंग करताना पट्टेरी सार्जंट मेजर एकमेकांच्या अंगावर धावून जाताना मी पाहिले आहेत. तिथे हरलेला मासा चार हात लांब जातो आणि भांडण संपतं. टाकीत हरलेला मासा जाणार कुठे? तेव्हापासून कुठलाही मासा निवडताना हाच प्रश्न आधी विचारते.

जागा आणि वजन

टाकी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच. आधी ती वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवायची होती. बाबांनी (माझे सासरे) वजनाचा हिशोब मागितला म्हणून कागद घेऊन बसले. पाणी साधारण ७८० किलो, १५ मिमी काच १७०, दगड आणि वाळू १२०, लोखंडी स्टँड १२०, खालचा संप (गाळणी आणि पंप ठेवायची खालची टाकी) भरून १८०. एकूण १४०० किलोच्या आसपास. पायाखालची जागा जेमतेम १.४ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला १००० किलो. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराच्या स्लॅबवर चलभार (माणसं, सामान यांचा भार) धरतात दर चौरस मीटरला २०० किलो. भिंतीलगत, तुळईवर आडवी ठेवली तर चालतं असं बरेच जण सांगतात, आणि काही घरांत चालतही असेल. पण आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनी वरच्या मजल्याला स्पष्ट नकार दिला. टाकी खालच्या बैठकीत आली, जोत्याच्या भरावावर. मला वरची खोली हवी होती, तिथे ऊन येत नाही. आता खालच्या पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला आहे.

संपची मापं ठरवताना एक आकडा लिहून ठेवा: या टाकीत पाण्याचा एक इंच म्हणजे ३५ लिटर. वीज गेली, संपातलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबला की ओव्हरफ्लोच्या (वरचं जादा पाणी संपात सोडणाऱ्या सांडव्याच्या) कडेपर्यंतचं सगळं पाणी खाली उतरतं, शिवाय पाइपातलं वेगळं. दोन इंच उतरलं तरी ७० लिटर. सांगलीत पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणून संपमध्ये १०० लिटरची जागा कायम रिकामी ठेवली आहे. एक प्रवाहपंप इन्व्हर्टरवर आहे. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) त्याच्यावर चालणार नाही. उन्हाळ्यात वीज लांबली तर टाकीवर पंखा सोडायचा, बाष्पीभवनाने पाणी दोन अंश तरी उतरतं.

दगड, वाळू, मीठ

आपल्याकडे दगडी प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. बाजारात 'लाइव्ह रॉक' म्हणून मिळणारा दगड बहुतेकदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. तो मी घेतला नाही, कुणी घेऊही नये. १९८७ साली मालवणच्या समुद्राला अभयारण्य केलं ते याच प्रवाळासाठी आणि त्याच्या आधाराने जगणाऱ्या जिवांसाठी. आपल्या छंदापायी तो खरवडला जावा हे मला सहन होत नाही.

म्हणून सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे सच्छिद्र दगड घरीच ओतले. ओला सिमेंट पाण्याचा पीएच वर नेतो, त्यामुळे सहा आठवडे पिंपात बुडवून दर चार दिवसांनी पाणी बदललं. दगडांचे दोन वेगळे ढीग रचले, मधे दीड फूट मोकळं. एका ढिगाचा मालक ठरला तरी दुसरा ढीग बाकीच्यांना राहतो. प्रत्येक गुहेला दोन तोंडं आहेत, पाठलाग झाला तर मासा आत अडकू नये.

कोकणातून समुद्राचं पाणी आणण्याचा सल्ला तिघांनी दिला. पावसाळ्यात आणि नंतरही काही काळ किनाऱ्याच्या पाण्यात नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ मिसळलेला असतो. शिवाय ९०० लिटर इथवर आणायचं कसं? आरओ-डीआय गाळणीचं शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं) पाणी आणि लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्या भरणीला साधारण साडेएकतीस किलो. घनता १.०२५, तापमान २६.

यादी कशी आटली

सर्वांत आधी गेला लायनफिश. तो भांडखोर नाही, पण तोंडात मावेल ते सगळं त्याला अन्न. त्याचे काटे विषारी, आणि घरात पाच वर्षांची भाची आहे.

नंतर मँडरिन. त्याला दिवसभर टिपायला जिवंत कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव) लागतात, आणि नव्या टाकीत ते नसतात. दोन वर्षांनी विचार करेन. हिरवे क्रोमिस थव्याने सुंदर दिसतात, पण सहा आणले की वर्षभरात एकच उरतो, हे इतक्या जणांकडून ऐकलं की तेही गेले. सहा रेघांचा रॅस नंतर येणाऱ्या प्रत्येकाला छळतो, तो नको.

एम्परर एंजेल खोडताना दोन आठवडे गेले. लहानपणी गर्द निळ्यावर पांढरी वर्तुळं, मोठेपणी अंगभर पिवळ्या रेषा; एकाच माशाची ही दोन रूपं घरात घडताना पाहायची फार इच्छा होती. पण तो ४० सेंटीमीटर होतो. सहा फुटांत तो जगेल, वळेल, पण बाकी सगळ्यांनी त्याच्या मर्जीने राहायचं. मला वर्दळ असलेली टाकी हवी आहे, म्हणून खोडला.

उरले ते आत सोडण्याच्या क्रमाने सांगते. आधी पिवळा वॉचमन गोबी आणि त्याची पिस्टल कोळंबी. कोळंबीला फारसं दिसत नाही. ती बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो, आणि बाहेर आल्यावर तिची एक मिशी त्याच्या अंगाला टेकलेलीच असते. मग क्लाउनची जोडी, टाकीतच जन्मलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनचं प्रजनन तंत्र कधीच बसवलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला क्लाउन घेण्याचं आता काहीच कारण नाही.

त्यानंतर लायरटेल अँथियास, एक नर आणि चार माद्या, पाचही एकाच दिवशी. नर गेला तर माद्यांतली थोरली नर होते. क्लाउनमध्ये याच्या उलट: मादी गेली की नराची मादी होते. अँथियासना दिवसातून तीनदा थोडं थोडं खायला लागतं, म्हणून दुपारचं खाणं बाबांकडे आहे. त्यांनी त्यासाठी वेगळी वही केली आहे. मग फेअरी रॅस (हा उडी मारतो, म्हणून वर जाळीचं झाकण आधीच बसवलं), एक कोरल ब्यूटी आणि शेवाळ खाणारा फॉक्सफेस.

पावडर ब्लू टँग सगळ्यांत शेवटी. हिंदी महासागरातला, लक्षद्वीपलाही दिसणारा. तो पहिला सोडला तर सहाच्या सहा फूट त्याचे होतात. शेवटी आला की सगळ्या जागा आधीच वाटल्या गेलेल्या असतात. दुसरा टँग घेणार नाही.

क्वारंटाइन

२०२१ मध्ये एका दुकानातून आणलेला मासा मी थेट टाकीत सोडला. त्याला व्हेल्वेट हा परजीवीचा रोग होता. तीन दिवसांत सगळे गेले, चार वर्षांची क्लाउन जोडीसुद्धा. आता दोन फुटी मोकळी टाकी वेगळी आहे: स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचे तुकडे, वाळू नाही, दगड नाही. माशांना ३० दिवस तांब्याचं औषध, रोज किटने मोजून. तांबं कोळंबीला मारतं, म्हणून कोळंबी वेगळ्या भांड्यात, माशांशिवाय ७६ दिवस. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी मासा सोडून तळाला किंवा कवचाला चिकटतो आणि कित्येक आठवडे तसाच राहू शकतो. मासाच मिळाला नाही तर पुढची पिढी मरते. पावडर ब्लूला हा रोग सर्वांत आधी धरतो. म्हणूनही तो शेवटी.

आज

टाकी भरून २३ दिवस झाले. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बाटलीतले जिवाणू आणि त्यांना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड घातलं होतं. दोन पीपीएम अमोनिया आता २४ तासांत शून्यावर येतो, त्यातून तयार होणारा नाइट्राइट मात्र काल रात्री ०.५ होता. गोबी क्वारंटाइनमध्ये अकराव्या दिवसावर आहे, कालपासून हातातून कोळंबीचा कीस घेतो. कोळंबीचे ५२ दिवस बाकी आहेत, त्यामुळे गोबी आधी एकटाच जाईल आणि ती मागून. आधीपासून एकत्र नसलेली जोडी मोठ्या टाकीत जमवण्याचा अनुभव कुणाला असेल तर सांगा: कोळंबी त्याच्या बिळाजवळ सोडावी, की दोघांना आधी लहान पेटीत ठेवावं?

नाइट्राइट रविवारी पुन्हा मोजते.