दुपारी अडीचचा वर्ग

साताऱ्यातल्या गोडोलीत बायकांना दहावीचं आणि लिहायला-वाचायला शिकवणारा आमचा मोफत वर्ग बघायला हल्ली अधूनमधून कुणी ना कुणी येतं. आमच्याही वस्तीत असं काही सुरू करायचंय म्हणतात, आणि पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो, शिकवायला माणसं कुठून आणता? माणसं मिळतात हो. साताऱ्यात निवृत्त शिक्षकांची वाण नाही, फौजेतून परत आलेल्यांची नाही आणि कॉलेजच्या पोरांचीही नाही. मी स्वतः शिक्षिका नाही, एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहिते. तरी मलाही माणसं मिळाली. अडतं ते वेळेपाशी.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका चार घरची धुणीभांडी करतात. पहाटे पाणी, मग घरातले डबे, मग कामं. दीडच्या सुमाराला घरी येतात, दोन घास खातात. साडेचारला पोरं शाळेतून आली की पुन्हा चूल, पुन्हा संध्याकाळची कामं. मधला अडीच ते पावणेचार एवढाच वेळ त्यांचा स्वतःचा. त्यात खरं तर त्यांनी पाठ टेकायला हवी. ती न टेकता त्या समाजमंदिरात येऊन बसतात.

नोकरी करणाऱ्या माणसाला नेमकी हीच वेळ जमत नाही. म्हणून ठिकठिकाणी वर्ग संध्याकाळी सातला ठेवतात, कारण शिकवणारे तेव्हा मोकळे असतात. बायका आठ-पंधरा दिवस कशाबशा येतात, मग स्वयंपाकाचा खोळंबा होतो, घरात बोलणी बसतात आणि यायच्या बंद होतात. मग आपण म्हणतो, यांना शिकायचंच नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी माझा संताप होतो. ज्यांच्यासाठी वर्ग काढला त्यांची वेळ आधी विचारावी, तिला जुळणारे शिकवणारे मग शोधावेत. आमचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं म्हणून मला जमतं. बाकीचे निवृत्त आहेत किंवा विद्यार्थी आहेत. ज्यांना दुपार जमत नाही त्यांना आम्ही रविवार देतो. त्या दिवशी सराव असतो, नवा धडा नसतो.

येणाऱ्या शिकवणाऱ्याकडे मी एकच मागते. आठवड्यातला एक वार, जून ते फेब्रुवारी, ठरल्या वेळी. ‘जमेल तसा येत जाईन’ असं बरेच चांगले, शिकलेले लोक म्हणतात आणि अगदी मनापासून म्हणतात. त्यांना मी वर्ग देत नाही. क्लासला फी भरलेली असली की मास्तर आला नाही तर आईबाप विचारायला जातात. फुकटच्या वर्गात कुणी विचारत नाही. बायका तासभर बसतात, उठतात, घरी जातात, आणि पुढच्या वेळी त्यातल्या दोघी येत नाहीत. शिकवणाऱ्याने पैसे घेतले नाहीत म्हणून शिकणारीची दुपार फुकट होत नाही. मोफत वर्गाला घड्याळ जास्त कडक पाळावं लागतं.

आमच्याकडे एक निवृत्त सुभेदार आहेत, दहावीची भूमिती शिकवतात. अडीचचा वर्ग असला की दोन वीसला किल्ली घेऊन हजर. फळा ओल्या फडक्याने पुसतात, कंपास पेटी उघडून ठेवतात. सुरुवातीला बायका त्यांना घाबरायच्या. पण ते प्रत्येकीला ‘ताई’ म्हणतात आणि चुकलं तर ‘पुन्हा एकदा’ एवढंच म्हणतात, आवाज न चढवता. समरूप त्रिकोण शिकवायला त्यांनी सगळ्यांना उन्हात बाहेर नेलं. दांडक्याची सावली मोजली, समाजमंदिराची सावली मोजली आणि इमारतीची उंची काढायला लावली. त्या दिवसापासून भूमितीची धास्ती गेली.

दहावीच्या या बायका १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसतात. कुणी आठवीतून शाळा सोडलेली, कुणी नववीतून, बहुतेकींची लग्नं त्याच वर्षी झालेली. पावसाळ्यात फॉर्म सुटतात तेव्हा वर्गात शिकवण्यापेक्षा कागदांचं काम जास्त असतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. शाळा माहेरच्या गावी, दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत, प्रतिज्ञापत्र. एक बाई दाखल्यासाठी तीनदा गावी जाऊन आली, दर वेळी एक दिवसाची मजुरी बुडवून. कधी कारकून रजेवर, कधी रजिस्टर सापडत नाही. आता आमच्यात एक तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले काका आहेत. ते एक अक्षर शिकवत नाहीत. आधी फोन करतात, रजिस्टरचं साल विचारून घेतात, गरज पडली तर बाईबरोबर जातात. मी तर म्हणेन, दहावीच्या वर्गाला गणिताच्या मास्तरांइतकीच या काकांची गरज आहे. शिकवता येत नाही म्हणून मागे राहणाऱ्यांनी हे काम जरूर घ्यावं.

पुस्तकांचा खर्च फारसा नाही. मार्चमध्ये परीक्षा संपली की ओळखीतल्या मुलांची जुनी पुस्तकं मागून घ्यायची. एखादं कमी पडलं तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. रोख देणगी आम्ही घेत नाही. वह्या, खडू, परीक्षेची फी असं कुणाला जे द्यायचं ते त्यांनी परस्पर द्यावं. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिल्यावर मला आणखी एक खातेवही नको असते, हेही एक कारण.

मी स्वतः एकच प्रकरण शिकवते, गणित भाग १ मधलं अर्थनियोजन. त्यात जीएसटी आहे. दुकानातलं खरं बिल नेते, खिळे नि बिजागऱ्यांचं. माल एक हजाराचा, जीएसटी अठरा टक्के, म्हणजे केंद्राचा नऊ आणि राज्याचा नऊ, नव्वद अधिक नव्वद, एकूण अकराशे ऐंशी. दुकानदाराने माल आणताना भरलेला कर वजा जातो आणि उरलेलाच त्याला भरायचा असतो, हे कळलं की पुस्तकातली गणितं भराभर सुटतात. एकीने लगेच विचारलं, “मग ताई, ‘बिल नको, स्वस्तात देतो’ म्हणतात ते कसं?” पुढचा अर्धा तास त्यावरच गेला, आणि तो जायलाच हवा होता.

आता वहीबद्दल. आठवड्याला पाच शिकवणारे म्हणजे पाच तऱ्हा. प्रत्येक जण ‘मागच्या वेळी काय झालं?’ इथून सुरू करायला लागला तर पाव तास तिथेच जातो. म्हणून कपाटात एक फुलस्केप वही असते. तास संपला की तिच्यात लिहिल्याशिवाय कुणी घरी जात नाही. काय झालं, कुठे अडलं, कोण आलं नाही, पुढच्याने काय घ्यावं. सुभेदारांची नोंद अशी असते: “पायथागोरस झाला. वर्गमूळ कुणालाच येत नाही, सोमवारी आधी ते घ्यावे.” इंग्रजी शिकवणारी इंजिनिअरिंगची मुलगी लिहिते: “पत्रलेखन येतं, पण पत्ता कुठे लिहायचा ते विसरतात. मागच्या बाकावरच्या मावशींना चष्मा लागलाय बहुतेक.” चष्मा खरंच लागला होता. ही नोंद झाली नसती तर त्या मावशी वर्षभर ‘मला डोकं नाही’ म्हणत बसल्या असत्या. शिकवणारे बदलत राहतात, परीक्षा येतात, कुणाच्या घरी आजारपण निघतं. या वहीमुळे वर्ग तुटत नाही.

दुसरा गट अजिबात लिहिता-वाचता न येणाऱ्यांचा. केंद्राचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे, पंधरा वर्षांवरच्यांसाठी, आणि तोही स्वयंसेवकांच्याच भरवशावर चालतो. शेवटी १५० गुणांची चाचणी असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास. प्रमाणपत्राचा आनंद मोठा असतो, नातवंडांना घेऊन येतात आज्या. पण मला काळजी असते ती त्यानंतरची. १९५९ साली आपल्याच सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. गावोगाव मास्तर आणि शिकलेली मंडळी बिनपगारी शिकवत, गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ होई. फार मोठं काम होतं ते. पण मोहीम ओसरल्यावर कितीतरी लोक अक्षरं पुन्हा विसरले, कारण रोज वाचावं असं हातात काही नव्हतं.

म्हणून हा गट शिकवणाऱ्या निवृत्त बाई पुस्तिकेबरोबर घरातले कागद मागवतात. लाइटबिल, औषधाचं पाकीट, रेशनची पावती. रेशनच्या दिवशी मी तिथेच होते. भाजी मंडईत झाडकाम करणाऱ्या एका मावशींनी पिशवीतून चारदा घडी घातलेली पावती काढली, मांडीवर सपाट केली आणि बोट ठेवलं. ग, हू. गहू. पुढे ८. तां, दू, ळ. पुढे १२. बाईंनी विचारलं, घरात माणसं किती? चार. माणशी किती मिळायला हवं? पाच किलो. चार पंचे? मावशींनी पुटपुटत बेरीज केली, आठ नि बारा वीस, मग पाढा म्हटला, तोही वीस. मग पुन्हा एकदा पावती वाचली, या वेळी जोरात. म्हणाल्या, “आता पावती पोराला दाखवाय नको.” त्या आठवड्यात बाईंनी वहीत फक्त एवढंच लिहिलं: “पावती वाचली. पुढच्या वेळी एसटीचं वेळापत्रक.”

समाजमंदिर आमचं नाही, हे धरूनच वर्षाची आखणी करावी लागते. गणपतीचे दहा दिवस तिथे मंडळाची मूर्ती असते, नवरात्रात आरास, लग्नसराईत जेवणावळी. त्या तारखा आम्ही जूनमध्येच लिहून घेतो आणि तेवढे दिवस शेजारच्या घराच्या ओसरीवर बसतो. सुट्टी द्यायची नाही. एकदा पंधरा दिवसांचा खंड पडला की घरातली कामं त्या वेळेत शिरतात, आणि एकदा शिरली की बाहेर निघत नाहीत. इंग्रजी शिकवणाऱ्या मुलीच्या सेमिस्टर परीक्षेच्या तारखाही अशाच आधी मागून घेते, तेवढे तास बदली माणूस ठरलेला असतो.

या जूनला इंग्रजीची मुलगी नोकरीला पुण्याला चालली आहे. तिने स्वतःच तिच्या कॉलेजातली धाकटी मैत्रीण आणलीय, दोघी शेजारी बसून वही वाचत होत्या. भूमिती सुभेदारांकडेच आहे. बीजगणिताचा गुरुवार मात्र रिकामा आहे, आणि वर्गसमीकरणं गणपतीच्या आत संपायला हवीत. साताऱ्यात कुणाला गुरुवारी दुपारी अडीच ते पावणेचार, फेब्रुवारीपर्यंत, नक्की जमणार असेल तर त्यांनी गोडोलीच्या समाजमंदिरात यावं. येताना घरात गणित भाग १ चं जुनं पुस्तक पडून असेल तर तेही आणा, दोन कमी आहेत.