बाग एप्रिलमध्ये बघावी

उद्घाटनाच्या दिवशी कुठलीही बाग छानच दिसते. लॉन नुकतंच अंथरलेलं, कारंजं चालू, पेव्हर ब्लॉकवर अजून एकही डाग नाही. बागेची पारख करायची तर चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये दुपारी तीनला जावं. पुण्यात वॉर्डातली एकरभराची बाग करायची आहे असं धरू, आणि आराखडा त्या दुपारपासून उलटा आखत येऊ.

आधी लॉन. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज साधारण 5 लिटर पाणी लागतं. हजार चौरस मीटर लॉन म्हणजे दर दोन दिवसांनी दहा हजार लिटरचा एक टँकर, आणि वर पाटी ‘हिरवळीवर बसू नये’! पोरांना लोळायला शे-दीडशे चौरस मीटर ठेवावं, बाकीच्या जागेत झाडं आणि झुडपं लावावीत.

त्याच एकरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे एक लाख लिटर पाणी येतं. ते गटारात जातं, कारण वाफे पायवाटेपेक्षा उंच असतात आणि कडेला सलग कर्ब, म्हणजे उभा बांधीव काठ, असतो. पहिल्या जोराच्या सरीला वाफ्यातली माती वाटेवर येते, मग महिनाभर चिखल. हे उलटं करायचं. वाफा वाटेपेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर खाली, वाटेला शंभरात एक उतार, आणि कर्बला दर दीड मीटरवर हातभर फट. वाफ्यांच्या शेवटी एक मीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल उथळ चर. असा शंभर मीटर चर एका वेळी 15 ते 20 हजार लिटर धरतो. वर आलेलं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं, पण मध्ये गाळ बसायला छोटं चेंबर हवंच. ते मेमध्ये उपसलं नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत शोषखड्डा गाळानं बुजतो.

काळ्या मातीत मात्र हा हिशोब चुकतो. आधी दोन फुटी खड्डा खणून पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. चोवीस तासांनीही पाणी दिसत असेल तर चर आणखी उथळ करा आणि जादा पाण्याला वाट खालच्या पातळीवर द्या. डासाची अंडी ते डास हा प्रवास आठवड्याभरात उरकतो, म्हणून चरातलं पाणी दोन दिवसांत जिरलंच पाहिजे.

आता माती. बागेच्या जागेवर बहुतेकदा राडारोडा टाकलेला असतो आणि त्यावर सहा इंच लाल माती पसरून काम ‘पूर्ण’ झालेलं असतं. अशा जागी झाडाचं भवितव्य त्याच्या खड्ड्यावरच ठरतं. एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा म्हणजे 35 घनफूट. ब्रासभर, म्हणजे शंभर घनफूट, मातीत जेमतेम तीन खड्डे भरतात, तेव्हा दीडशे झाडांना पन्नासेक ब्रास माती-खत लागणार. अंदाजपत्रकात दहाच ब्रास दिसले तर उरलेल्या खड्ड्यांत काय जाणार हे ओळखायला कुणी तज्ज्ञ नको. दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. शेणखत कच्चं असेल तर त्याच्यासोबत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

जेसीबीनं मुरमात खणलेल्या खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात. मग तो खड्डा कुंडीसारखा वागतो. मुळं आतच गोल फिरतात, पावसात पाणी साचून कुजतात. पहारीनं भिंती ओरबाडून घ्यायच्या. रोपाची प्लास्टिक पिशवी पूर्ण काढायची, नुसती तळाला फाडून भागत नाही. माती बसते, म्हणून रोप जमिनीपेक्षा दोन इंच उंच लावायचं. काठीला बांधायला सुतळी घ्या. नायलॉनची दोरी दुसऱ्या वर्षी खोडात रुतते आणि पहिल्या वळवाला झाड बरोबर तिथेच मोडतं.

झाडं कुठली? वाटेच्या कडेला करंज, कडुनिंब, बकुळ, सहा-आठ मीटरवर. रंगाला बहावा, ताम्हण, पांगारा. वड-उंबर एखाद-दुसरा, पण बारा-पंधरा मीटर मोकळे सोडून. सप्तपर्णीची रांग नकोच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिच्या फुलांच्या वासानं शेजारचे हैराण होतात. गुलमोहर देखणा, पण वाऱ्यात त्याच्या फांद्या सहज पडतात, म्हणून बाकांवर आणि घसरगुंडीवर तो नको. मियावाकी पद्धतीनं चौरस मीटरला तीन रोपं दाटीनं लावली की आत माणूस शिरत नाही. ते कुंपणालगत ठीक, बागेच्या मध्यात नाही. पेव्हर खोडापासून निदान एक मीटर लांब ठेवावेत. दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा आदेश हरित लवादानं 2013 सालीच दिला होता.

पाण्यासाठी ठिबक सुचवलं जातं, पण सार्वजनिक बागेत नळ्या खारी कुरतडतात, मुलं ओढतात. जमिनीत पुरल्या तर कुठला ड्रिपर तुंबला ते कळत नाही, कळतं ते झाड वाळल्यावर. झाडांना बबलर, म्हणजे बुंध्याशी पाणी सोडणारं छोटं तोंड, बरा, पाणी येतंय का ते माळ्याला उभ्या उभ्या दिसतं. प्रक्रिया केलेलं सांडपाणी असेल तर आधी डिस्क फिल्टर (चकत्यांची गाळणी), आणि फवारा अजिबात नको.

माणसांकडे येऊ. ग्रॅनाइटचा बाक उन्हात इतका तापतो की संध्याकाळी सातलाही आजोबा पिशवी अंथरून बसतात. लाकडी पट्ट्यांचा, 45 सेंटिमीटर उंचीचा, पाठ आणि हात असलेला बाक घ्या. हात नसतील तर गुडघे दुखणाऱ्याला उठता येत नाही. स्टीलच्या घसरगुंडीचं तोंड उत्तरेला. दिव्यांचे खांब साडेतीन-चार मीटरचे. नऊ मीटरचा खांब झाडाच्या शेंड्यावर उजेड पाडतो आणि खाली वाटेवर अंधारच. झुडपं तीन फुटांच्या आत, फांद्या आठ फुटांच्या वर ठेवल्या की नजर आरपार जाते, आणि एकट्या बाईला आत यावंसं वाटतं. मोटरसायकल अडवायला लावलेलं फिरतं फाटक व्हीलचेअरही अडवतं, त्यापेक्षा शेजारी एक रुंद दार आणि त्याची किल्ली रखवालदाराकडे.

आणि बऱ्याच बागांना दुपारी कुलूप का असतं, हे कोडं आहे. सावलीची खरी गरज त्याच वेळी, बांधकामावरच्या मजुरांना, डिलिव्हरीवाल्या पोरांना आणि दोन घरांच्या कामांमध्ये तासभर मोकळ्या असलेल्या मावशींना.

फेब्रुवारी ते एप्रिल पानगळ. पानं जाळायची नाहीत. कोंबडीजाळीचा चार फुटी गोल पिंजरा, नऊ इंच पानं, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण), मग पाणी, असे थर. पाणी प्रत्येक थराला द्यायचं, नुसतं वरून ओतलं तर ते बाजूनं निघून जातं आणि मधली पानं चार महिन्यांनीही कोरडी सापडतात. पंधरा दिवसांनी उलथापालथ. हे खत पावसाआधी झाडांच्या आळ्यात तीन-चार इंच पसरायचं, खोडापासून वीतभर सोडून.

निविदेत तीन वर्षांची देखभाल आणि जगलेल्या झाडांवर बिल, ही दोन कलमं हवीतच. मोजणीचा महिना मे असा लिहून घ्यावा. ऑगस्टमध्ये गाजरगवतही हिरवंगार असतं.