बिथरणाऱ्या तरुण घोड्यावर पुन्हा बसताना: माझा अनुभव

मनात भीती बसली की लगेच पुन्हा वर चढा, असं सगळे सांगतात. चार-पाच वर्षांच्या घोड्याच्या बाबतीत मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. तो का उधळतो हे कळायच्या आत वर बसलात, तर भीती आणखी घट्ट होते. मी आधी घोडा तपासून घेतला.

घोड्याचे दुधाचे दात साधारण अडीच ते पाच वर्षांच्या वयात पडतात. त्या काळात लगामाची तोंडातली कडी खुपली की तो मान झटकतो. याच वयात त्याची पाठही भरत असते. त्यामुळे काही महिन्यांपूर्वी नीट बसणारं खोगीर आता खांद्यामागे रुतू शकतं. काम झाल्यावर खोगीर काढून घामाचा ठसा पाहावा. ओल्या ठशात मधेच कोरडा डाग दिसला, तर बहुतेक वेळा तिथे दाब जास्त पडतोय. खुराकाकडेही लक्ष हवं. काम थोडं आणि दाणा भरपूर असेल, तर घोडा तडतडणारच. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो, हा पाया. दाणा कामाच्या मानाने.

मग जमिनीवरचं काम. दोरीवर चालणं, थांबणं, मागे सरणं आणि मागचे पाय बाजूला टाकणं. लंजिंगचं, म्हणजे लांब दोरीवर घोड्याला आपल्याभोवती फिरवण्याचं, वर्तुळ वीस मीटरच्या आसपास ठेवलं आणि वेळ पंधरा मिनिटांच्या वर जाऊ दिली नाही. छोट्या वर्तुळात फार फिरवलं की कोवळ्या सांध्यांवर ताण येतो, आणि दमवून शांत केलेला घोडा आठवड्याभरात जास्त दमदार होतो, जास्त शहाणा नाही.

माझा आत्मविश्वास खरा परत आला तो एका लगामाने थांबवण्यातून. एका हाताने लगाम आखूड धरायचा, तो हात सावकाश मांडीकडे आणायचा आणि दुसरा लगाम सैल सोडायचा. मान वळली की मागचे पाय एकमेकांना ओलांडतात आणि उसळी मारायला लागणारा जोर तुटतो. दोन्ही लगाम एकदम ओढले तर घोडा त्यांच्यावरच रेटा देतो आणि आणखी जोरात निघतो. हे आधी उभ्याने, मग चालीत, दोन्ही बाजूंनी घोटावं. मान नरम पडली त्याच क्षणी लगाम सोडायचा. इथे उशीर झाला तर घोडा ओढाताणच शिकतो. भरधाव असताना मात्र एकदम मान वळवू नये, तोल जाऊन घोडा पडू शकतो. तिथे वर्तुळ हळूहळू लहान करत आणावं.

चढण्यापूर्वी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, टप्प्याटप्प्याने आवळायचा आणि दोन-चार फेऱ्या चालवून पुन्हा तपासायचा. पहिल्यांदा चौथऱ्यावरून घोड्याच्या पाठीवर नुसतं पोटाने ओणवं होऊन वजन टाकायचं आणि उतरायचं. घोडा स्थिर उभा राहिला तरच पाय पलीकडे. हेल्मेट आणि छातीचं संरक्षक जाकीट घालूनच, आणि लंजची दोरी जाणत्या माणसाच्या हातात. घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांधावा. घाबरल्यावर हात आपोआप काहीतरी धरतात, आणि ते लगामापेक्षा पट्टा धरणं घोड्याच्या तोंडाला बरं.

भीतीत श्वास अडतो, मांड्या आवळतात, आणि तरुण घोडा त्यालाच पळण्याची खूण समजतो. म्हणून मी चालीत पावलं मोठ्याने मोजायचो. बोलताना श्वास रोखून धरता येत नाही. नजर कानांच्या पलीकडे, टाच खाली.

चाल कंटाळवाणी वाटेपर्यंत दुडकी नाही, आणि दुडकीत तो हाकेसरशी चालीवर येईपर्यंत त्यापुढची गती नाही. मोकळ्या रानात पहिल्यांदा जाताना पुढे एखादा जुना, शांत घोडा असू द्यावा. पाठ ताठ झाली, पावलं आखूड पडू लागली आणि कान एकाच जागी रोखले गेले, की तो बिचकण्याच्या बेतात आहे असं समजावं. त्या क्षणी पोटऱ्यांनी दाबू नये, मान थोडी वळवून त्याला काम द्यावं. ते जमत नसेल तर उतरून हाती धरून पुढे न्यावं आणि जागा शांत झाल्यावर पुन्हा बसावं.