ग्रुबेंडोल अखेर हाती लागला

मागच्या खेपेचं कोडं सुटलं. सतराव्या शतकातल्या हेन्री ओल्डनबर्गच्या पत्रव्यवहाराच्या जाळ्यात 'मस्यू ग्रुबेंडोल' हा नोड (जाळ्यातला एक बिंदू, म्हणजे एक माणूस) लोंबकळत होता: इन-डिग्री (येणारे दुवे) दणकून, आउट-डिग्री (जाणारे दुवे) शून्य. लंडनमध्ये बसून पत्रांमागून पत्रं घेतो, उत्तर मात्र एकालाही नाही. हा ओल्डनबर्गच! रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचे हे चिटणीस परदेशी टपाल आपल्याच आडनावाची अक्षरं फिरवून केलेल्या टोपणनावाने मागवत.

ओपनरिफाइन या विदा साफ करायच्या साधनात एकाच नावाची वेगवेगळी रूपं जुळवायच्या पद्धती आहेत. त्यातलं साधं फिंगरप्रिंट इथे आंधळं. ते शब्दांचा क्रम आणि विरामचिन्हं पुसतं, शब्दातल्या अक्षरांना हात लावत नाही. एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजणारं लेव्हेनश्टाइन अंतरही ही दोन नावं लांबच ठेवतं. कामी आलं ते एन-ग्राम फिंगरप्रिंट (नावाचे ठरावीक अक्षरसंख्येचे तुकडे पाडणारं), तुकड्याचा आकार १ ठेवून. त्यात नावातली वेगवेगळी अक्षरं वर्णक्रमाने लागतात, आणि दोन्हीकडे रोमन लिपीतली तीच नऊ अक्षरं निघतात. आडनाव मात्र स्वतंत्र स्तंभात हवं. 'हेन्री' किंवा 'मस्यू' चिकटून राहिलं की जुळणी फसली. खोट्या जोड्याही येतात, म्हणून सरसकट मर्ज (दोन नावांचं एक करणं) नको. आणि पत्त्यावरचं मूळ नाव पुसू नका, दुसऱ्या स्तंभात राहू द्या.

मर्ज होताच एकतर्फी एज (दोन नोड जोडणाऱ्या रेषा) दुतर्फी झाल्या. छान! पण लगेच दिसलं की काही उत्तरं पत्राच्या आधीच पोचतायत. दुखणं जुनंच. लंडन जुन्या ज्युलियन पंचांगावर, पॅरिस नव्या ग्रेगोरियनवर, फरक १० दिवसांचा. वर इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलणार. म्हणजे लंडनची ५ फेब्रुवारी १६६६ ही पॅरिसची १५ फेब्रुवारी १६६७. देशावरून नियम लावायचा विचार होता, तो रद्द. एकट्या नेदरलँड्समध्येच हॉलंड प्रांत नव्या पंचांगावर, युट्रेख्ट १७०० पर्यंत जुन्यावर. आता नियम गावागणिक, आणि तारखेचे स्तंभ दोन: कागदावरची आणि बदललेली.

बिट्वीननेस (इतरांना जोडणाऱ्या वाटांवर कोण किती वेळा मध्ये येतो ते माप) गेफी या जाळ्यांची चित्रं काढणाऱ्या साधनात काढू नका, तिथे एजचं वजन, म्हणजे पत्रसंख्या, धरलंच जात नाही. चित्रापुरतं गेफी झकास. नेटवर्कएक्स ही पायथनमधली लायब्ररी वजन धरते, पण अंतर म्हणून: जास्त पत्रं म्हणजे जास्त लांब! १ भागिले पत्रसंख्या द्या.

तरी ओल्डनबर्ग पहिलाच येणार, कारण दप्तरच त्याचं. त्याला काढून उरलेलं जाळं मोजायचं ठरलं होतं, पण हे लिहिताना वाटतंय, आधी पाकिटात घालून पुढे धाडलेली पत्रं वेगळ्या एज-प्रकारात टाकावीत: पाठवणारा, घेणारा आणि 'मार्फत' असा तिसरा स्तंभ. ओल्डनबर्ग नुसता टपाल्या कुठे होता, ते त्यावरून वेगळं काढता येईल.