लाल शाईतलं "बहुधा"

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला आणि डोळ्यांसमोर आधी बाईच आल्या. कुठल्या बाई ते आपल्या शाळेत सांगावं लागत नाही, शुक्रवारचा शेवटचा तास आणि खाकी कव्हर घातलेलं ते जाडजूड बायबल एवढं म्हटलं तरी पुरे. गॅदरिंग, ग्राउंड यावर बाकीचे लिहितीलच, मी बाईंवरच लिहिणार.

आठवीच्या चाचणीत प्रश्न होता, बायबल कोणी लिहिलं? मी घरी ऐकलं होतं तसं ठोकून दिलं, सगळं यहूदी लोकांनी. बाई चूक म्हणाल्या नाहीत, बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ते लिहिणारा प्रेषित पौल म्हणतोच ना की देवाची वचनं यहूद्यांवर सोपवली. पण मग सगळ्या वर्गाला कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय काढायला लावला. पौल कैदेतून सलाम कळवतोय. अरिस्तार्ख, मार्क, युस्त म्हटलेला येशू, बाईंचं बोट एकेका नावाखालून सरकत होतं, आणि इथे पौल म्हणतो की सुंता झालेल्यांपैकी, म्हणजे यहूद्यांपैकी, माझे सहकारी एवढेच. बोट थांबलं. "आता पुढे वाच." एपफ्रास, प्रिय वैद्य लूक, देमास. "मग लूक कुठल्या बाजूला रे?"

परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेला! मी जवळजवळ ओरडलोच. म्हणजे लूकचं शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये धरली तर नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचा, पाव हिस्सा, खरं तर थोडा जास्तच, एका परराष्ट्रीयाच्या हातचा. आणि परराष्ट्रीय म्हणजे आपणच की! घरी जाईपर्यंत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

सहामाहीला मी "लूक परराष्ट्रीय होता" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. पेपर हातात आला तर मधे लाल शाईचा बारीक बाण, वर "बहुधा", आणि अर्धा मार्क कापलेला. मी रडकुंडीला येऊन टीचर्स रूममध्ये गेलो. बाईंनी डबा बाजूला सारला आणि लूकचा पहिला अध्याय उघडला, याजक जखऱ्या यहूद्यांच्या मंदिरात धूप जाळतोय तो. म्हणाल्या, मंदिरातलं इतकं बारीक ज्याला ठाऊक तो यहूदीच असणार असं मानणारेही अभ्यासक आहेत. मग लगेच कृत्ये, पहिला अध्याय, यहूद्यांबद्दल बोलताना एका शेताला "त्यांच्या" भाषेत हकलदमा म्हणतात, "आपल्या" नाही म्हटलेलं. "दोन्हीकडचं वाचलंस? मग बहुधा लिहायचं." अर्धा मार्क काही परत दिला नाही.

उलट घरचा अभ्यास दिला. बायबलातल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातला लमुवेल राजा कोण ते शोध. आईने शिकवलेलं सांगणारा तो राजा, त्याच अध्यायातली सद्गुणी स्त्री आपल्याकडे महिला मंडळात कितीदा वाचतात. मी दोन आठवडे बायबलातली राजे आणि इतिहास ही पुस्तकं चाळली, इस्राएलाच्या नाही, यहूदाच्याही राजांत लमुवेल नाही. म्हणजे हाही बाहेरचाच का? बाईंच्या बायबलात त्या पानावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं, मी वाकून बघायला लागलो तर त्यावर अंगठा ठेवून म्हणाल्या, आधी तू सांग.

मी आता ठाण्यात पॅथॉलॉजी लॅब चालवतो, दोन शाखा आहेत, मुलगी डॉक्टर होतेय. आमच्या बिल्डिंगमध्ये एक बेने इस्राएली, म्हणजे इथल्याच यहूदी समाजातल्या, आजी राहतात, बोलतात आपलीच मराठी. त्यांनी सांगितलं की आपण जुन्या करारात ३९ पुस्तकं मोजतो तीच त्यांच्या तनाखमध्ये, म्हणजे यहूदी धर्मग्रंथात, २४ म्हणून मोजतात, मजकूर तोच. हे बाईंना सांगायला पाहिजे होतं असं किती वाटलं, पण तोवर बाई गेल्या होत्या. आणि आता शाळेत तो शुक्रवारचा तासच नाही असं ऐकतो, फार वाईट वाटतं.

बाईंचं ते खाकी कव्हरचं बायबल कोणाकडे असेल तर कृपया कळवा, मी स्वतः येईन. मला फक्त नीतिसूत्रांचं शेवटचं पान बघायचंय.