टोपलीतली आग

फोन सकाळी सव्वासातला आला. "चार महिन्यांपूर्वी तुम्हीच आमचा कपड्यांचा ड्रायर उघडला होता ना? काल रात्री त्याने पेट घेतला." त्यापुढे त्या ताई काय बोलल्या ते मला नीट आठवत नाही. पायांतलं बळ गेलं, एवढं आठवतं. "कुणाला लागलं तर नाही ना?" हे विचारायलाही मला दोन क्षण लागले. कुणालाच काही झालं नव्हतं.

घरगुती यंत्रं दुरुस्त करण्याचं काम मी १९ वर्षं करतोय. मी हात लावलेल्या यंत्राने घर पेटवलं, असं कुणी म्हणण्याची ही पहिलीच वेळ. वाटेत गाडी माझ्यासोबत काम शिकणारा मुलगा चालवत होता आणि मी डोळे मिटून चार महिन्यांपूर्वीची ती दुपार मनात पुन्हा उघडत होतो. हीटरच्या तारांच्या थिंबल, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या, नीट दाबल्या होत्या ना? सैल जोड तापतो, वरचं आवरण वितळतं, आणि कपड्यांतून सुटलेला कापूस आजूबाजूला साचलेला असेल तर त्याला एक ठिणगी पुरते. मागच्या पत्र्याचे सगळे स्क्रू लावले होते ना? तार कुठे पत्र्याच्या धारेला घासत तर राहिली नाही? आठवणीत सगळं जागेवर होतं. पण आठवण काय, आपल्याला हवी तशीच साक्ष देते.

ड्रायर घराच्या मागच्या बाजूच्या एका लहान खोलीत होता. भिंत छतापर्यंत काळी झाली होती. ड्रायरच्या डाव्या अंगाचा रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते आणि त्याच्या शेजारी जमिनीवर प्लॅस्टिकची कपड्यांची टोपली वितळून पसरली होती. खोलीत धुराचा वास होताच, पण त्याच्या खाली आणखी एक वास होता, आंबूस आणि खवट, खूप दिवस तापवलेल्या तेलासारखा. तो नाकाशी आला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण मी आलो होतो ड्रायर तपासायला, आणि माझं सगळं लक्ष त्या पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर होतं.

ताईंनी आग लागल्यावर केलं ते अगदी बरोबर केलं होतं. धुराच्या अलार्मने रात्री दीडच्या सुमारास जाग आली. त्यांनी आधी घराचा मेन स्विच पाडला, आईंना बाहेर नेऊन बसवलं, अग्निशमन दलाला फोन लावला आणि आग टोपलीपुरतीच आहे हे पाहून दारातूनच दोन बादल्या पाणी मारलं. वीज बंद केल्याशिवाय पाणी मारलं असतं तर गोष्ट वेगळीच झाली असती. आणि आग ड्रमच्या आत असती तर मी त्यांना पाण्याच्या जवळही जाऊ दिलं नसतं. अशा वेळी ड्रायरचं दार उघडायचं नाही, कारण उघडलं की आत हवा शिरते आणि धुमसणारे कपडे भडकतात. वीज तोडायची, खोलीचं दार लावून घ्यायचं, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरून फोन करायचा.

मी यंत्र उघडलं. प्लग काढून पाहिला, त्याच्या पिना स्वच्छ होत्या, कुठे काळेपणा नाही. दारातली लिंटची, म्हणजे कपड्यांतून सुटलेला कापूस अडवणारी, जाळी काढली, तीही स्वच्छ. ताई प्रत्येक वेळी ती साफ करत होत्या. पहिल्यांदा मी गेलो होतो तेव्हा त्या ड्रायरमध्ये कपड्यांसोबत सुगंधी पत्रकं, म्हणजे वास लावलेले पातळ तुकडे, टाकायच्या आणि त्यांचा मेणासारखा थर जाळीवर बसला होता. जाळी नळाखाली धरली तर पाणी वरच तरंगत राहिलं होतं. तेव्हापासून त्यांनी ती पत्रकं बंद केली होती आणि महिन्यातून एकदा जाळी साबणाने घासत होत्या. या वेळी पाणी सरळ आरपार गेलं.

मागचा पत्रा काढला. हीटरचं कॉइल शाबूत, थिंबल घट्ट, तारांचं आवरण मऊ. ड्रमच्या कडेची नमद्याची पट्टी कुठेही भाजलेली नव्हती. मी पूर्वी बसवलेला चार इंची, आतून गुळगुळीत असा, गरम हवा बाहेर नेणारा धातूचा पाइप जागेवर होता. त्याच्या आधी तिथे प्लॅस्टिकचा चुण्यांचा पाइप होता. त्याच्या प्रत्येक चुणीत कापूस अडकायचा आणि आग लागली तर तो स्वतःच पेटला असता. बाहेरच्या भिंतीवरची झडप बोटाने उचलली, ती हलकेच उघडली आणि आपोआप मिटली.

शेवटी थर्मल फ्यूज. पंख्याच्या घरावर बसवलेला नखाएवढा तुकडा. हवा प्रमाणाबाहेर तापली, म्हणजे साधारण ९० अंशांच्या पुढे गेली, की तो तुटतो आणि परत जोडला जात नाही. म्हणून आम्हाला तो साक्षीदारासारखा. खोटं बोलत नाही, विसरत नाही. मल्टीमीटरची दोन टोकं मी त्याला लावली आणि मीटर वाजला. फ्यूज अखंड होता. म्हणजे त्या रात्री हवा तिथे कधीच तेवढी तापली नव्हती.

माझ्यासोबतच्या मुलाने मोठा श्वास सोडला. "दादा, म्हणजे आपली चूक नाही."

मलाही तसाच श्वास सोडावासा वाटला होता, आणि लगेच त्याची लाज वाटली. दोन पावलांवर, उंबऱ्याजवळ, एका बाईच्या घराची भिंत जळालेली होती आणि मी माझ्या थिंबलच्या घट्टपणावर समाधानी होतो.

मग मी टोपलीकडे वळलो. हे काम माझं नव्हतं, पण ड्रायरने आग लावली नसेल तर लावली कुणी, हे कळल्याशिवाय मी तिथून हलणार नव्हतो. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये टॉवेलांचा एक ओला, काळा गठ्ठा अडकला होता. मी हातमोजे घालून तो खोलीबाहेर नेला आणि एकेक थर सोडवत गेलो. वरचा टॉवेल फक्त पिवळसर झाला होता, कडेची वीणसुद्धा दिसत होती. त्याच्या खालचा तपकिरी. त्याखालचा काळा, हात लावला की चुरा होणारा. आणि मधोमध, जिथे सगळ्यात जास्त घड्या एकावर एक होत्या, तिथे टॉवेल उरलेलाच नव्हता, फक्त राख आणि निखाऱ्यासारखे ठिसूळ गोळे. तळाशी पोहोचलो तर पुन्हा तपकिरी. आग बाहेरून आली असती तर बाहेरचे थर आधी गेले असते. ही आग गठ्ठ्याच्या पोटात सुरू झाली होती.

"ताई, हे टॉवेल कसले?" मी विचारलं.

त्या घरीच मालिशचं काम करतात. पाठदुखी, गुडघेदुखीची माणसं येतात. दिवसाला दहा-बारा टॉवेल लागतात. तेल सूर्यफुलाचं, बदामाचं आणि द्राक्षाच्या बियांचं, एकत्र करून. टॉवेल धुतात थंड पाण्यात, छोट्या प्रोग्रॅमवर, कारण गरम पाण्याने रंग उडतो. त्या रात्री साडेनऊला टॉवेल ड्रायरमध्ये टाकले. साडेदहाला झोप अनावर झाली, यंत्र अजून १२ मिनिटं दाखवत होतं, कपडे तर कोरडे लागत होते. मग त्यांनी ड्रायर बंद केला, गरम टॉवेल तसेच काढले, घाईने घडी घालून टोपलीत दाबले आणि टोपली ड्रायरला टेकवून ठेवली.

तेव्हा मला त्या खवट वासाचा अर्थ लागला.

हे रसायन रंगकाम आणि सुतारकाम करणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. अळशीचं तेल पुसलेल्या चिंध्या ते कधी गोळा करून ठेवत नाहीत, एकेक पसरून वाळवतात किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या डब्यात टाकतात. अशी तेलं वाळतात म्हणजे त्यांतलं पाणी उडत नाही, ती हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात, घट्ट होतात आणि तसं होताना उष्णता सोडतात. टॉवेल दोरीवर असेल तर ही उष्णता वाऱ्यावर निघून जाते. पण तोच टॉवेल आणखी पंधरा टॉवेलांच्या मधे दाबलेला असेल तर ती जाणार कुठे? बाहेरचे थर पांघरुणासारखे होतात. आत ताप वाढतो, ताप वाढला की तेल आणखी वेगाने ऑक्सिजन ओढतं, म्हणून आणखी ताप. साडेदहा ते दीड, तीन तास हे त्या टोपलीत निमूट चाललं होतं, आणि सुरुवातीची ऊब त्याला ड्रायरने दिली होती.

सगळी तेलं सारखी नसतात. अळशी सर्वांत तापट, सूर्यफूल आणि द्राक्षाच्या बियांचं तेलही बरंच तापट, खोबरेल पुष्कळ शांत, आणि खनिज तेल असं स्वतःहून तापत नाही. ताईंनी लगेच विचारलं, "मग तेल बदलू का?" मी म्हटलं, तुमच्या पेशंटना जे मानवतं ते वापरा, तेलाच्या जातीवर विसंबून टॉवेल गठ्ठ्यात कोंबू नका म्हणजे झालं.

त्यांना सगळ्यात जास्त धक्का त्या शेवटच्या मिनिटांचा बसला. यंत्र उगाच वेळ काढतंय, असं त्यांना वाटायचं. ती मिनिटं हीटर बंद करून नुसता ड्रम फिरवण्याची असतात, कपडे थंड व्हावेत म्हणून. ड्रायरच्या जवळपास प्रत्येक माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं की चक्र मध्येच थांबवू नका, आणि थांबवावंच लागलं तर सगळे कपडे लगेच बाहेर काढून पसरा. मी हे वाक्य शेकडो वेळा वाचलंय. ग्राहकाला वाचून दाखवलं असेल ते फार तर दहा वेळा, आणि तेही कपड्यांना सुरकुत्या पडतील एवढंच सांगून. मध्येच वीज गेली तरी तेच, गरम कपडे बंद ड्रममध्ये ठेवून झोपायला जायचं नाही.

चार महिन्यांपूर्वी मी त्या घरात दीड तास होतो. जाळी, पाइप, झडप, पट्टा, सगळं पाहिलं. कापसाबद्दल तळमळीने बोललो, आणि ते चुकीचं नव्हतं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळातल्या ड्रायरच्या आगी अभ्यासल्या तेव्हा साफसफाई न करणं हेच सर्वांत मोठं कारण निघालं होतं, ३४ टक्के. म्हणून आमचा हात आधी जाळीकडे जातो. पण ताईंना मी एक साधा प्रश्न विचारला नव्हता: यात तुम्ही काय वाळवता? मालिशचे पडदे, तेलाच्या बाटल्या ठेवलेलं कपाट, सगळं मला येता-जाता दिसलं होतं. हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दादा, मी तरी कुठे सांगितलं तुम्हाला?" त्यांनी मला सहज माफ केलं, पण माझं मन तेवढं सहज तयार होत नव्हतं.

मग आम्ही तिथेच बसून बोललो. टॉवेल यापुढे शक्य तितक्या गरम पाण्यात, जास्त साबण घालून धुवायचे, आणि रंग उडाला तर उडू द्यायचा. धुतल्यावरही तेलाचा वास येत असेल तर ते ड्रायरमध्ये नाही, दोरीवर. पेट्रोल, थिनर किंवा डाग काढायचं रसायन लागलेलं काहीही ड्रायरमध्ये नाही, कारण त्याची वाफ आत कोंडते आणि ती पेटू शकते. आईंच्या पाठीमागे ठेवायची फोमची उशीही नाही, फोम आणि फोमरबर गरम हवेत स्वतःच पेट घेऊ शकतात. रात्री सगळे झोपलेले असताना ड्रायर चालू ठेवायचा नाही, घराबाहेर जातानाही नाही.

आई इतका वेळ दारात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, कपाटातले?"

आम्ही सगळेच कपाटाकडे गेलो. आदल्या दिवशी दुपारी वाळवलेले टॉवेल तिथे चापून-चोपून रचलेले होते, पांढरे आणि दिसायला अगदी स्वच्छ. मी मधल्या थरात हात घातला, गार होता. तरी एक टॉवेल काढून नाकाशी धरला. साबणाच्या वासाखाली तोच खवट वास. ताईंनी घेतला, हुंगला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. मग त्यांनी दुसरा काढला.

माझं पुढचं काम दहा वाजता होतं. मी फोन करून उशीर होईल असं कळवलं. मुलाने कपाटाच्या दोन्ही फळ्या रिकाम्या केल्या आणि आम्ही एकेक टॉवेल उलगडून मिळेल तिथे पसरत गेलो, खुर्च्यांच्या पाठींवर, जिन्याच्या कठड्यावर, मालिशच्या टेबलावर, कुठेही एकावर एक येणार नाही असा. आई बसल्या जागेवरून मोजत होत्या. एकतीस झाले.