आमची वाटचाल : सोळा सागुम, एक पेनुला आणि उधारी

कोल्हापुरात वडिलांनी दोन ट्रंका मावळी कपड्यांवर सुरू केलेला नाट्यपोशाखांचा धंदा बाराबंद्या, मंदिल आणि शेले भाड्याने देत बरा चालला. त्यात लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहायचे आहे ते रोमन सैनिकांच्या सतरा पांघरुणांविषयी, कारण त्यांनी आम्हाला जवळजवळ बुडवले.

एका संस्थेने सीझरच्या काळावरचे नाटक घेतले होते. दिग्दर्शक इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. वडिलांच्या वेळेपासूनचे आमचे गिऱ्हाईक, म्हणून आम्हीही त्यांना सरच म्हणतो. "लाल साटीन नाडीने गळ्यात बांधलेत, तर तालीम थांबवीन," असे बजावून त्यांनी रोमन सम्राट ट्राजानच्या स्तंभाची छायाचित्रे पुढे टाकली. तो स्तंभ इ. स. ११३ चा, म्हणजे सीझरनंतर दीडशे वर्षांचा. तरी सैनिकाचा सागुम कसा पांघरला जाई, ते त्यावर स्पष्ट दिसते. लोकरीचे चौकोनी कापड डाव्या खांद्यावरून घेऊन उजव्या खांद्यावर चापाने अडकवायचे, म्हणजे तलवारीचा हात मोकळा राहतो. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातला कांस्य पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, आहे, म्हणून आमच्या शिंपीमास्तरांना तिथेही नेले. पण त्या देवाच्या अंगावर सूतसुद्धा नाही.

चौकोनाला शिवण ती काय, म्हणून मास्तर हिरमुसले होते. निरोप्याच्या पेनुलेने मात्र त्यांची कळी खुलली: अर्धवर्तुळाचा बेत, पुढून जोड, वर टोपी. वडिलांच्या दहा इंची कात्रीने त्यांनी ती एका दमात कापली आणि जाड लोकरीसाठी पायमशीनला अठरा नंबरची सुई लावली. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी ऐकून ठेवावे, की बारीक सुईने लोकर शिवण्यात टाके सुटतात आणि सुयाही मोडतात.

कापड म्हणून मी सणगरांकडून काळ्या घोंगड्या घेतल्या. कोऱ्या घोंगडीत चिंचोक्याची खळ असते. ती लवकर निघावी म्हणून मी घाईने गरम पाणी ओतून त्या चोळल्या. लोकर आटली, सहा घोंगड्या नमद्यासारख्या घट्ट झाल्या आणि गुडघ्यापर्यंत यायचे कापड कमरेशी थांबले. लोकर थंड पाण्यात भिजवावी आणि न पिळता निथळू द्यावी, हे मला कोणी सांगितले नव्हते. नव्या सहा घोंगड्या उधारीवर आल्या.

माल तयार झाला त्याच आठवड्यात संस्थेच्या खजिनदारांनी "रोमन म्हणजे लाल" असा निवाडा केला आणि काम पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाला दिले. त्या दुकानाने आमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या भाड्यात साटीन दिले. आम्ही पितळी तारेचा वळवून घेतलेला चापही तिथले लोक पाहून गेले आणि तसाच पत्र्याचा काढला. याचा राग मला आजही आहे. प्रयोगात साटीन घामाने चिकटून छातीच्या कवचावर चढत होते, हे मी तिसऱ्या रांगेतून पाहिले आणि टाळ्याही ऐकल्या.

सणगरांचे देणे फेडायला ओव्हरलॉक मशीन विकले. वर्षभर मास्तर कडा हाताने दुमडत होते. सरांनी त्या संस्थेचे नाटक सोडले आणि पुढे जिथे जिथे त्यांना परीक्षक म्हणून बोलावणे आले, तिथे आमच्या सागुमची एक घडी पिशवीत घेऊन गेले. सभागृहात टोगा हे नागरी वस्त्र आणि मोहिमेवर सागुम, आणि रोममध्ये 'सागुम चढवणे' म्हणजेच युद्धाला उभे राहणे, हे ते मुलांना अंगावर घेऊन दाखवत. त्यातून दोन महाविद्यालये आली, मग आणखी.

गेल्या दिवाळीत पलीकडच्या दुकानदाराचा मुलगा चार सागुम भाड्याने मागायला आला. मी दिले, चाप कसा लावायचा तेही दाखवले. अनामत मात्र पूर्ण घेतली.